चुकलेला घाव

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कँटर संग्रहालयात काचेच्या पेटीत एक सोन्याचा खिळा ठेवलेला आहे. लांबी साडेपाच इंचांच्या आसपास, चारी बाजूंनी कोरलेली बारीक अक्षरं. या लोहमार्गाने दोन महासागर जोडले तशी देवाने या देशाची एकी टिकवावी, अशी प्रार्थना एका बाजूला आहे. माझ्या लेकीने भाषांतर करून सांगितलं आणि ती पुढच्या दालनात गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले. सारखं वाटत होतं, हा खिळा अण्णांच्या हातात द्यायला हवा होता.

माझे वडील कर्जत-लोणावळा घाटात गँगमन होते, शेवटची काही वर्षं कीमन. रोज सकाळी लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर, पिशवीत लाल झेंडी आणि गाडीला धोक्याचा इशारा द्यायचे फटाके, आणि आपला पट्टा पायी तपासत जायचं. रुळाला जागेवर धरून ठेवणारी चावी सुटलेली दिसली की ठोकून बसवायची. मी लहानपणी एक-दोनदा त्यांच्याबरोबर पळसदरीच्या पुढे थोडं अंतर चालले आहे. "डोळ्यांवर जाऊ नको, कानाने बघ," असं ते म्हणायचे. घट्ट बसलेल्या चावीवर हातोडा पडला की खणखणीत आवाज येतो. सुटलेली असेल तर बद्द वाजते. धुक्यात, पावसात, पुढचं काही दिसत नसताना अण्णा त्या आवाजावर घाट तपासायचे.

आणि हा खिळा तर कधी ठोकलाच गेला नव्हता. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमॉन्टरी समिट इथे पूर्वेकडून आलेली युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून आलेली सेंट्रल पॅसिफिक या दोन रेल्वेंची टोकं जुळली. एकूण १,७७६ मैलांचा मार्ग पुरा झाला. समारंभासाठी लॉरेलच्या लाकडाचा पॉलिश केलेला स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ओंडका, आणला होता आणि त्याला आधीच भोकं पाडून ठेवली होती. सोन्याचा खिळा त्यात अलगद सोडला आणि नंतर काढून घेतला. खिळ्यावर तारीख कोरली आहे ८ मेची, कारण समारंभ त्या दिवशी व्हायचा होता. युनियन पॅसिफिकचे उपाध्यक्ष ड्युरंट वाटेत अडकले होते. पगार थकलेल्या कामगारांनी त्यांचा डबाच अडवून धरला होता.

खरा घाव घालायचा होता एका साध्या लोखंडी खिळ्यावर. त्याला आणि हातोड्याला तारयंत्राची तार जोडलेली होती, म्हणजे ठोका पडताच साऱ्या देशाला तो ऐकू जावा. सेंट्रल पॅसिफिकचे अध्यक्ष लीलँड स्टॅनफर्ड पुढे झाले, हातोडा उचलला, हाणला आणि तो चुकला. ड्युरंट यांचाही चुकला. तारमास्तराने आपल्या हाताने संदेश पाठवला, 'झालं'. सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यूयॉर्कपर्यंत तोफा आणि घंटा वाजू लागल्या.

या चुकलेल्या घावाने मला स्टॅनफर्डच्या आयुष्याकडे ओढलं. गेले दोन महिने लेकीकडे आहे. ती कामावर गेली की मी तिच्या घराजवळच्या वाचनालयात जाऊन बसते. तीस वर्षं नववी-दहावीला इतिहास शिकवला, त्यामुळे वही काढून टिपणं केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

लीलँड स्टॅनफर्ड यांचा जन्म १८२४चा, न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ. वडील शेती करायचे आणि रस्त्यावर खानावळ चालवायचे. मुलगा वकिली शिकला, विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन गावात बस्तान बसवलं, १८५०मध्ये ऑल्बनीच्या जेन लॅथ्रॉपशी लग्न केलं. १८५२मध्ये आग लागली आणि कायद्याची सगळी पुस्तकं जळाली. भाऊ आधीच कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींजवळ दुकानं टाकून बसले होते. हाही तिकडे गेला. जेनला वडिलांच्या आजारपणामुळे तीन वर्षं मागे राहावं लागलं. खाणकामगारांना फावडी, पीठ, बूट विकायचे, जमेल तेव्हा गावचे तंटे मिटवायचे. सोनं खणणाऱ्यांपेक्षा त्यांना फावडी विकणारे जास्त टिकले, असं तिथल्या त्या काळाबद्दल नेहमी बोललं जातं आणि स्टॅनफर्डबाबत तरी ते खरंच आहे.

सॅक्रामेंटोत त्यांची गाठ पडली आणखी तीन व्यापाऱ्यांशी: हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रॉकर. लोखंडी सामान आणि कापडचोपड विकणारी माणसं. रेल्वेतलं कोणालाच काही कळत नव्हतं. कळत होतं ते थिओडोर ज्युडा नावाच्या इंजिनिअरला. सिएरा नेवाडा पर्वतातून वाट काढता येईल हे त्याने स्वतः डोंगर पालथे घालून शोधलं होतं. १८६१च्या जूनमध्ये सेंट्रल पॅसिफिक कंपनीची नोंदणी झाली आणि स्टॅनफर्ड अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी लिंकननी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. कायद्याप्रमाणे सपाटीवरच्या दर मैलाला १६,००० डॉलरचे सरकारी रोखे मिळणार होते आणि डोंगरात ४८,०००. मग डोंगर नेमका कुठून सुरू होतो? सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवरच्या एका ओढ्यापासून, असं ठरवून घेण्यात आलं. तिथे जमीन तव्यासारखी सपाट आहे. ज्युडाला या लोकांचे व्यवहार पटेनात. त्यांचा हिस्सा विकत घेईल असा कोणी पूर्वेकडे मिळतो का हे बघायला तो पनामामार्गे निघाला. वाटेत पिवळा ताप झाला आणि १८६३च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. आपण शोधलेल्या घाटात गाडी चढताना त्याला बघायला मिळाली नाही. या सगळ्या कथेत माझा जीव सर्वांत आधी त्याच्यासाठी तुटला.

बांधकामाचा ठेका पुढे या चौघांच्याच कंपनीला मिळाला. रेल्वेचे कारभारी म्हणून पैसे द्यायचे आणि ठेकेदार म्हणून तेच पैसे घ्यायचे. चौकशी झाली तेव्हा ठेक्याच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या नाहीत.

याच काळात स्टॅनफर्ड कॅलिफोर्नियाचे गव्हर्नरही झाले. जानेवारी १८६२मध्ये सॅक्रामेंटोत महापूर आला होता. शपथविधीला ते होडीतून गेले आणि परत आल्यावर वरच्या मजल्याच्या खिडकीतून घरात शिरले. पण त्या दिवशीच्या भाषणात ते काय म्हणाले ते वाचून मी वही मिटली होती. आशिया आपल्या असंख्य लोकांमधला गाळ आमच्या किनाऱ्यावर पाठवतो आहे आणि या हीन वंशाची वस्ती प्रत्येक कायदेशीर मार्गाने रोखली पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय होता. श्रोत्यांना ते आवडणारंच होतं.

तीन वर्षांनी, १८६५मध्ये, याच माणसाने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना अहवाल पाठवला. त्यात चिनी मजुरांविषयी लिहिलं: शांत, सोशिक, कष्टाळू, काटकसरी. यांच्याशिवाय हा मार्ग ठरलेल्या मुदतीत पुरा करणं अशक्य आहे. मत बदललं की गरज बदलली? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण पुढे १८८२मध्ये चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा आला तेव्हा ज्यांच्या घामावर हे चौघे गब्बर झाले त्यांच्यासाठी ते छातीचा कोट करून उभे राहिले असं कुठे दिसत नाही.

हे मजूर बहुतेक ग्वांगडोंग प्रांतातल्या तैशान आणि आसपासच्या गावांचे, शेतकऱ्यांची मुलं. आधी पन्नासेक माणसं चाचणीसाठी घेतली आणि मग बोटी भरभरून आणली. एका वेळी दहा हजारांहून जास्त माणसं कामावर होती, म्हणजे सेंट्रल पॅसिफिकच्या दर दहा मजुरांतले आठ-नऊ. गोऱ्या मजुरांना पगारावर जेवण आणि राहणं फुकट मिळायचं. यांनी आपल्या पैशाने टोळीचा स्वयंपाकी ठेवलेला. भात, सुके मासे, वाळवलेल्या भाज्या आणि चहा. उकळलेला चहा कावडीला टांगलेल्या पिंपांतून कामाच्या जागी न्यायचा आणि दिवसभर तेच प्यायचं. ओढ्याचं पाणी पिऊन बाकीच्यांना हगवण लागायची, यांना सहसा नाही. कावड म्हटल्यावर मला एकदम आमची माणसं आठवली. चाळीवर पाणी नसायचं तेव्हा अण्णाही खांद्यावर आडवी काठी टाकून दोन डबे आणायचे.

सिएराच्या माथ्यावरचा बोगदा १,६५९ फुटांचा, अखंड ग्रॅनाइटचा. एकजण पहार धरणार, दोघे आळीपाळीने घण घालणार, भोकात दारू ठासून सुरुंग उडवायचा, दगड बाहेर काढायचे आणि पुन्हा पहार. दोन्ही तोंडांकडून आणि मधोमध विहीर खणून आतून दोन्ही बाजूंना, असं चारही तोंडांवर काम चालायचं, तरी एकेका तोंडावर दिवसाला सरासरी फूट-सव्वाफूट. पुढे नायट्रोग्लिसरीन आलं तेव्हा जरा वेग वाढला आणि जीवही जास्त जाऊ लागले. १८६६-६७च्या हिवाळ्यात चव्वेचाळीस वादळं आली. माणसं बर्फाखाली खणलेल्या वाटांनी राहुटीतून बोगद्यात आणि बोगद्यातून राहुटीत जायची. हिमकडा कोसळून टोळ्याच्या टोळ्या गाडल्या गेल्या. बर्फ वितळल्यावर काहींची प्रेतं हातात अवजारासकट सापडली.

२५ जून १८६७ रोजी त्यांनी काम थांबवलं. मागणी साधी होती: महिन्याला चाळीस डॉलर, उघड्यावर दहा तास आणि बोगद्यात आठ. आरडाओरडा नाही, दंगा नाही, हजारो माणसं आपापल्या राहुट्यांत बसून राहिली. क्रॉकरने वर जाणारा शिधा बंद केला. आठवड्याभरात भुकेने संप मोडला. स्टॅनफर्ड या वेळी कंपनीचे अध्यक्ष होते.

किती माणसं मेली याचा आकडा कंपनीने ठेवलाच नाही. पगारपत्रकांवर बहुतेक ठिकाणी टोळीच्या मुकादमाचं किंवा ठेकेदाराचं नाव, बाकी नुसती संख्या. १८७०च्या जूनमध्ये सॅक्रामेंटोच्या एका वर्तमानपत्रात बातमी आली की गाडीने अस्थी चालल्या आहेत, सुमारे २०,००० पौंड, अंदाजे १,२०० माणसांच्या. आपल्या मातीत पुरलं जावं ही त्यांची इच्छा असायची, म्हणून रुळाकाठच्या थडग्यांतून हाडं उकरून, बांधून, ती चीनकडे परत नेली जात होती. त्यांनीच घातलेल्या रुळांवरून.

आता मुलाबद्दल. लग्नाला सतरा वर्षं होऊन गेल्यावर, १४ मे १८६८ रोजी, जेन आणि लीलँडना मुलगा झाला. जेन एकोणचाळीस वर्षांची होती. मुलाला बापाचंच नाव दिलं, लीलँड. लाडाचा, हुशार. जुन्या वस्तू जमवायचा आणि आपलं स्वतःचं संग्रहालय करायचं म्हणायचा. या सुखाच्या वर्षांत स्टॅनफर्डनी पालो आल्टोला घोड्यांची पैदास सुरू केली. घोडा दौडताना चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचलले जातात का, हे जाणून घ्यायचा त्यांना ध्यास लागला. एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराला त्यांनी पैसा आणि माणसं दिली. १८७८मध्ये धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे लावून, आडव्या धाग्यांना घोड्याचा पाय लागला की झडप उघडेल अशी योजना करून मायब्रिजने ते टिपलं. पाय उचलले जातातच. चलच्चित्रांच्या जन्मकथेत हे प्रकरण हमखास येतं.

१८८४च्या वसंतात हे तिघे युरोपात असताना मुलाला विषमज्वर झाला. १३ मार्चला फ्लॉरेन्समध्ये तो गेला. सोळा पुरी व्हायला दोन महिने होते.

माझ्या वर्गात दरवर्षी साठ-साठ पोरं असायची, बरोबर या वयाची. मिसरूड फुटत असते, आवाज फाटलेला, हातपाय कसे सांभाळावेत हे कळत नसतं. तीस वर्षांत दोन पोरं अशी दगावली. त्यांच्या आयांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. म्हणून या ठिकाणी स्टॅनफर्डवरचा माझा सगळा राग थांबतो. पैसा नावालाही उपयोगी पडला नाही. मुलाजवळ जागून थकलेला बाप डुलकीतून जागा झाला आणि "कॅलिफोर्नियाची मुलं आता आपली मुलं" असं म्हणाला, अशी कथा सांगितली जाते. कथा असेल, पण १८८५मध्ये त्यांनी पालो आल्टोची आपली ८,००० एकरांहून मोठी जमीन आणि आणखी बरीच मालमत्ता मुलाच्या नावाने विद्यापीठाला दिली हे खरं आहे. त्याच वर्षी ते सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेले. मजुरांनी एकत्र येऊन आपल्या मालकीचे उद्योग काढावेत म्हणून त्यांनी तिथे विधेयक मांडलं, शेतकऱ्यांना जमिनीच्या तारणावर दोन टक्क्यांनी कर्ज द्यावं म्हणूनही मांडलं. संप भुकेने मोडणाऱ्या कंपनीचा हा अध्यक्ष म्हातारपणी हे बोलत होता. पोराच्या मृत्यूने त्याच्यातलं काहीतरी खरंच हललं असावं, असं मला वाटतं. विधेयकं मंजूर झाली नाहीत.

१८९१च्या ऑक्टोबरमध्ये विद्यापीठ सुरू झालं. फी नाही, धर्माची अट नाही, मुलगे-मुली एकत्र. दोनच वर्षांत, जून १८९३मध्ये, स्टॅनफर्ड वारले. मंदी आलेली होती आणि सरकारने रेल्वेच्या जुन्या कर्जापोटी मालमत्तेवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. जेन एकटी उरली. न्यायालयाने घरखर्चासाठी तिला महिन्याला १०,००० डॉलर मंजूर केले. त्यातून ती प्राध्यापकांचे पगार भागवू लागली. घरातले नोकर कमी केले. १८९७मध्ये दागिने विकायला लंडनला घेऊन गेली, मनासारखी किंमत आली नाही म्हणून बरेचसे परत आणले. पुढे त्या दागिन्यांचा पैसा ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी गेला. खटला १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिच्या बाजूने लागला होता. याच बाईने १८९९मध्ये मुलींची संख्या पाचशेच्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम केला, कारण मुलाचं स्मारक हे मुलींचं कॉलेज होऊन बसेल अशी तिला भीती वाटली. शिक्षिका म्हणून हे मला फार लागलं. १९०५मध्ये होनोलुलूच्या हॉटेलात तिचा मृत्यू झाला. तिच्या शरीरात स्ट्रिकनीनचं विष सापडलं होतं.

विद्यापीठाचं अधिकृत नाव आजही 'लीलँड स्टॅनफर्ड ज्युनिअर विद्यापीठ' असं आहे. पंधरा वर्षांच्या त्या पोराचं नाव अजून पुसलेलं नाही. तिघांची समाधी निलगिरीच्या आणि ओकच्या झाडांत आहे. दाराशी दगडी स्फिंक्स आहेत, दार बहुधा बंदच असतं. मी तिथे दोनदा गेले. दुसऱ्या वेळी पायरीवर बसून मी हिशोब करत होते. हे एक पोर. आणि तैशानकडची ती पोरं, त्यातलीही कितीतरी सतरा-अठराची असतील. त्यांच्याही आया होत्या. १९१९मध्ये ऑग्डेन शहरात समारंभाची पन्नास वर्षं साजरी झाली तेव्हा मिरवणुकीत तीन म्हातारे चिनी मजूर होते: गिंग कुई, वाँग फूक, ली शाओ. हजारोंमधली तीन नावं. ही मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिली. शंभराव्या वर्षी, १९६९मध्ये, वाहतूकमंत्र्यांनी भाषणात विचारलं की अमेरिकन माणसाशिवाय असे बोगदे दुसरं कोण खोदू शकलं असतं? समोर चिनी वंशाची माणसं बसलेली होती.

मागच्या शनिवारी लेकीला म्हटलं, मला तो घाट दाखव. चार तास गाडी चालवून तिने डॉनर पासला नेलं. माथ्यावरच्या जुन्या बोगद्यातून १९९३पासून गाड्या जात नाहीत, रूळ उखडलेले आहेत आणि लोक चालत आत जातात. उन्हाळा असूनही आत गारठा होता, छतातून पाणी ठिबकत होतं. भिंतींवर पोरांनी रंगाने नावं लिहून ठेवली आहेत. मोबाइलच्या उजेडात मी ते शोधत होते आणि मला सापडलं: ग्रॅनाइटमध्ये सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी. सुरुंग उडाल्यावर दगडाचा अर्धा भाग तुटून जातो आणि भोकाचा उरलेला खोबणीसारखा आकार भिंतीवर राहतो. माझी दोन बोटं त्यात नीट बसली. बोरघाटातल्या बोगद्यांतही अशा खोबणी आहेत. अण्णांनी मला दाखवल्या होत्या.

तेव्हा एकदम लक्षात आलं की दोन्ही घाट एकाच काळातले. १८६३च्या जानेवारीत स्टॅनफर्डनी सॅक्रामेंटोला मातीचं पहिलं फावडं टाकलं आणि त्याच एप्रिलमध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. आमच्याकडेही ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही दिवसांतच वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे नेला. तिचं नाव पुस्तकात आहे. पटकीने आणि दरडीखाली गेलेल्या मजुरांची नावं माझ्या वर्गातल्या कोणत्याच पुस्तकात नव्हती, आणि मीही तीस वर्षांत पोरांना कधी विचारलं नाही की ती कुठे आहेत.

पुढे दोन बोगद्यांच्या मध्ये दरीच्या अंगाला एक उंच भिंत आहे. तिला 'चायना वॉल' म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडात दगड बसवलेला. दीडशे वर्षं बर्फ, भूकंप आणि वरून गेलेल्या गाड्या सोसून उभी आहे. लेक खाली डॉनर तळ्याचे फोटो काढत होती. मी पायाशी पडलेला मुठीएवढा दगड उचलला आणि भिंतीला कान लावून एका दगडावर ठोकला. मग शेजारच्या. मग त्याच्या खालच्या. हात पोहोचेल तिथपर्यंत मी ठोकत गेले. एकही बद्द वाजला नाही.